आईला कुठे ठेवायचे, हे आईला विचारले का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आईंचे वय 79, वडिलांना जाऊन दोन वर्षे झाली, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. चार महिन्यांत दोनदा पडल्या, रक्तदाबाची गोळी विसरून दुबार घेतात आणि गेल्या आठवड्यात रात्री अडीच वाजता ‘दूधवाला आला’ म्हणून दार उघडून बसल्या. तुम्ही ठाण्याला, भाऊ बंगळुरूला. मामांना वृद्धाश्रम हा शब्दही सहन होत नाही, भाऊ म्हणतात की फ्लॅट माझ्या नावावर करा, मी आईचे सगळे पाहतो, आणि तुम्ही विचारता आहात की केअर सेंटरमध्ये ठेवावे की घरीच चोवीस तासांची बाई लावावी. एवढ्या सविस्तर प्रश्नात सगळ्यांची मते आली आहेत, पण आईंचे स्वतःचे म्हणणे काय आहे, ते मात्र आलेले नाही.

त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी या आठवड्यातच करायचे एक काम सांगतो. रात्री अडीचच्या त्या प्रसंगावरून स्मृतिभ्रंशाचा निष्कर्ष काढू नका. उतारवयात लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, शरीरातील पाणी कमी होणे किंवा एखाद्या औषधाचा डोस जास्त होणे, यांपैकी कशानेही माणूस दोन दिवसांत भ्रमिष्टासारखे वागू लागतो आणि कारणावर उपचार झाले की पुष्कळदा पूर्ववत होतो. स्मृतिभ्रंश सहसा असा एका रात्रीत येत नाही, तो महिनोन्महिने चोरपावलांनी येतो. म्हणून आधी लघवी व रक्ताची तपासणी करा, त्यात सोडियम, थायरॉईड आणि बी-12 असू द्या, आणि डॉक्टरांना आईंचा रक्तदाब एकदा झोपलेल्या स्थितीत व एकदा उठून उभ्या राहिल्यानंतर मोजायला सांगा. रक्तदाबाची गोळी दुबार पोटात गेली तर उभे राहताच दाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. दोन वेळा पडणे आणि दुबार गोळी या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, त्या कदाचित एकच असतील.

माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. त्यांचा स्मृतिभ्रंश आम्ही सहा वर्षे पाहिला, त्यांतील पहिली चार वर्षे आणि काही महिने घरी आणि शेवटचे वीस महिने एका केअर सेंटरमध्ये. त्यामुळे मी जे लिहितो आहे त्यात काही चांगले निर्णय आहेत आणि एक असा आहे की ज्याचे दुःख अजून जात नाही.

‘घरी की बाहेर’ हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी आईंना कोणत्या कामात आणि किती वाजता मदत लागते, हे एका वहीत सलग सात दिवस लिहून काढा. तुमच्यापैकी एकाने त्यासाठी आठवडाभर रजा काढून तिथे राहावे, फोनवरून हे कळत नाही. अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे, या सहा गोष्टींवरून डॉक्टर वृद्ध माणसाचे परावलंबित्व मोजतात. पैशाचे व्यवहार, औषधे, स्वयंपाक आणि फोन या त्याहून अवघड गोष्टी असून त्या बहुधा आधी सुटतात. आमच्या वहीने आम्हाला जे दाखवले ते आम्हाला ठाऊकच नव्हते. वडिलांना दिवसा जवळजवळ काहीच मदत लागत नव्हती, मात्र रात्री दोन ते पाच या वेळात ते चार-चार वेळा उठत, ड्युटीला उशीर झाला म्हणून शर्टाची बटणे लावत आणि जिन्याकडे निघत. आम्ही मात्र सकाळी आठ ते रात्री आठ बाई लावून निश्चिंत बसलो होतो.

सेविका पुरवणाऱ्या ब्यूरोतून बाई लावणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी असणारी बाई नव्हे. तीही माणूस आहे, तिला रात्री सलग झोप मिळाली पाहिजे, आणि आई रात्री उठत असतील तर दोन पाळ्यांत दोन बायका लागतील. ती गावी गेली की बदली कोण देणार आणि किती तासांत, हे ब्यूरोकडून आधीच लिहून घ्या. दिवाळी, लग्नसराई आणि यात्रेच्या दिवसांत हाच प्रश्न सर्वाधिक जाचतो. घरात न्हाणीघरात धरायला दांडे, रात्रीचा मंद दिवा, वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी, हे सगळे जरूर करा. हिवाळ्यात पहाटे अंघोळीला उठण्याची सवय असेल तर तीही बदलायला लावा, नाशिकच्या डिसेंबरातील गारठ्यात ओली फरशी आणि आखडलेले गुडघे एकत्र आले की पडायला वेळ लागत नाही. पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, याला दांड्यांचा उपाय नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाला अरुंद जिन्यावरून खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवताना मी पाहिले आहे. आई घरीच राहणार असतील तर निदान घर तळमजल्यावरचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेर ठेवण्याच्या जागाही एकाच जातीच्या नसतात, आणि मामांशी तुमचा वाद मुख्यतः या एका शब्दावरून चालला आहे असे मला वाटते. वृद्धाश्रम ही बहुधा स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असलेली निवासाची सोय असते. अनेक ठिकाणी अंथरुणाला खिळलेल्या किंवा भ्रम झालेल्या माणसाला प्रवेशच मिळत नाही. असिस्टेड लिव्हिंगमध्ये स्वतंत्र खोली, तयार जेवण आणि अंघोळ-औषधांपुरती मदत मिळते. नळीने आहार, कॅथेटर, दर दोन तासांनी कूस बदलणे अशी गरज असेल तर परिचारिका असलेले शुश्रूषा केंद्रच लागते. स्मृतिभ्रंश असेल तर त्याहून वेगळे, म्हणजे दारे सांभाळणारे आणि रात्री जागे असणारे मनुष्यबळ लागते. आईंच्या वहीत काय लिहिले जाते त्यावर यांपैकी काय हवे ते ठरेल, नातेवाइकांच्या बोलण्यावर नव्हे.

आता आईंच्या म्हणण्याविषयी. आम्ही वडिलांना विचारले नाही. विचारता येण्यासारखी दोन वर्षे आमच्या हातात होती, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही तो विषय काढलाच नाही, आणि मग एका सकाळी ‘डॉक्टरांकडे जाऊन येऊ’ असे सांगून त्यांना सेंटरमध्ये नेले. पुढचे अकरा दिवस ते रोज सकाळी बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन फाटकाजवळच्या खुर्चीत बसत आणि डॉक्टरांकडचे काम आटोपले, आता आपल्याला घरी नेतील, याची वाट पाहत. बूट काढायला सांगितले की म्हणत, मुलगा गाडी काढतो आहे. स्मृती गेलेल्या माणसाला काही कळत नाही, हे खरे नाही. त्यांना प्रसंग आठवत नव्हता, पण आपल्याला फसवून आणले आहे ही भावना टिकून होती.

तुमच्या आई अजून बोलू शकतात. त्यांना ‘तू कुठे राहशील?’ असे एकदम विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘माझ्या घरी’ हेच येईल आणि संवाद तिथेच संपेल. रात्री कशाची भीती वाटते, कोणाच्या हातून अंघोळ चालेल आणि कोणाच्या नाही, खोलीत दुसरी बाई असलेली आवडेल का, देवपूजा किती वाजता हवी, कांदा-लसूण चालतो का, आणि आजार बळावला तर किती नळ्या लावून घ्यायच्या, असे एकेक विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. शेवटच्या बाबीसाठी कायद्यातही तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. शक्य असेल तर आईंना निवडलेल्या दोन जागा स्वतः पाहू द्या, आणि पहिल्यांदा कायमचा प्रवेश न घेता महिनाभराचा तात्पुरता मुक्काम ठेवा.

सेंटर पाहायला जाताना सकाळी अकराला, आधी कळवून जाऊ नका. संध्याकाळी सात-साडेसातला, जेवणाच्या वेळी जा. कार्यालयातील फोटो पाहण्यापेक्षा राहणाऱ्यांची नखे आणि टाचा पाहा. नखे कापलेली आहेत का, टाचांवर लाली किंवा जखम आहे का, पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर ठेवला आहे की टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, आणि कोणाला पलंगाला बांधून ठेवले आहे का. रात्रपाळीत किती माणसांमागे किती कर्मचारी असतात हा आकडा मालकाला विचारा, आणि तिथे काम करणाऱ्या एखाद्या मावशींना वेगळे गाठून तोच आकडा त्यांनाही विचारा. करारात डिपॉझिट परत कधी मिळणार, डायपर व औषधे शुल्कात आहेत की वेगळी, आणि रुग्णालयात दाखल करावे लागले तर तिथे सोबत कोण थांबणार, हे वाचल्याशिवाय सही करू नका. शेवटची गोष्ट आम्ही वाचली नव्हती. न्यूमोनियाच्या वेळी रात्री एक वाजता सेंटरने रुग्णवाहिका बोलावली, पण खाटेशेजारी बसायला माणूस आमचाच हवा होता. जागा निवडताना 2027 चा सिंहस्थ कुंभमेळाही विचारात घ्या. 2015 च्या पर्वणीच्या दिवसांत बंद रस्त्यांमुळे नाशिकरोडहून पंचवटीत पोहोचणे आम्हाला जमले नव्हते, त्यामुळे आईंचे डॉक्टर आणि सेंटर नदीच्या एकाच बाजूला असलेले बरे.

फ्लॅटविषयी मी जरा कठोर लिहितो, भावांविषयी मनात काही नसताना. महाराष्ट्रात राहत्या घराचे बक्षीसपत्र मुलाच्या नावे करताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे, म्हणून लोक घाईने ते करून मोकळे होतात. पण बक्षीसपत्र दिले की दिले; मृत्युपत्र मात्र आईंना हयातीत कितीही वेळा बदलता येते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी 2007 मध्ये झालेल्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जाता येते. परंतु ती अट असल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये म्हटले. जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने लावला, पण 79 वर्षांच्या बाईंनी त्यासाठी खेटे घालावेत, ही वेळच येऊ देऊ नका. भाऊ सांभाळायला तयार आहेत तर उत्तमच, त्यांनी खर्च करावा, त्याचा हिशेब ठेवावा आणि आईंनी तो मृत्युपत्रात लक्षात घ्यावा. फ्लॅट आईंच्याच नावावर राहिला तर त्याचे भाडे सेंटरच्या शुल्काला उपयोगी पडेल.

कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर, फार विसंबू नका. आपल्याकडच्या कायद्यात ते देणाऱ्याचे मानसिक भान गेले की मुखत्यारीही संपते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ते निकामी होते, आणि मग त्या माणसासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून आईंचे भान शाबूत असतानाच बँकेतील खाते तुमच्यासह संयुक्त करा, नामनिर्देशन तपासा, मृत्युपत्र करा आणि त्या दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत ठेवा. निवृत्तिवेतन असेल तर हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, वडिलांच्या बोटांचे ठसे उमटेनासे झाले होते तेव्हा ही सोय नव्हती. सत्तरीपुढच्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळते आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार त्यात बसतात. सेंटरचे मासिक शुल्क मात्र त्यातून मिळत नाही. काही अडले तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाईन आहे.

मामांना एकदा घरी बोलवा आणि आईंच्या वहीतील रात्रीच्या नोंदी वाचायला द्या. तेही वयस्कर आहेत, त्यांच्या विरोधात त्यांची स्वतःची धास्ती आहे, हे मनात ठेवून बोला.

वडिलांचे पुढे काय झाले तेही सांगतो. बाराव्या दिवशी तिथल्या एका मावशींनी मला विचारले की बाबा रोज वर्तमानपत्राची पाने अंगठा ओला करून का मोजतात. मी सांगितले की त्यांची नोकरी नोटा मोजण्यात गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या त्यांना सकाळी साडेआठला कोऱ्या कागदांची एक रीम देऊ लागल्या. वडील शंभर-शंभरचे गठ्ठे करून, कडा टेबलावर ठोकून सारख्या करून, मावशींकडे सुपूर्द करत आणि मावशी एका वहीत आकडा लिहून त्यांची सही घेत. बूट घालून फाटकाशी बसणे त्या आठवड्यात थांबले. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या सहा पानी अर्जात नोकरीच्या रकान्यात आम्ही फक्त ‘निवृत्त’ लिहिले होते. तुम्ही आईंविषयी दोन पाने वेगळी लिहून द्या. शिलाई येते, भजनी मंडळात होत्या, चहात आले लागते, कोणत्या कानाने कमी ऐकू येते, सगळे लिहा.

आणि पहिल्या महिन्यात त्या ‘मला घरी ने’ म्हणतील, तेव्हा ‘आता हेच तुझे घर’ असे म्हणू नका. आम्ही तसे म्हणत होतो. पुष्कळ दिवसांनी मी विचारले, ‘घरी कोण कोण आहे?’, तर वडिलांनी आपल्या आईचे आणि धाकट्या बहिणीचे नाव घेतले. ते आमच्या फ्लॅटविषयी बोलतच नव्हते, त्यांना लहानपणीच्या पंचवटीतल्या वाड्यात जायचे होते, जो केव्हाच पाडला गेला आहे. त्यानंतर ते ‘घरी ने’ म्हणाले की मी शेजारी बसून त्या वाड्याच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या ते विचारत असे, आणि ते मला त्या मोजून दाखवत.