जुन्या सायकलच्या हँडलला रिकंबंट किट बसेल का?

साध्या सायकलची मागे रेलून चालवायची सायकल करणारं हे किट बसेल, पण मध्ये अ‍ॅडॉप्टर, म्हणजे दोन वेगळी मापं जुळवणारा तुकडा, घालावा लागेल. जुन्या सायकलींचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आट्यांचा असतो आणि हँडलचा दांडा त्याच्या नळीत आत उतरतो. जाडी बहुधा २२.२ मिमी. बरीच किट्स मात्र २८.६ मिमीच्या नळीला बाहेरून आवळायची असतात. आधी व्हर्नियरने मोजा. जुन्या फ्रेंच सायकलींत हाच दांडा २२ मिमी असतो, आणि तेवढ्या फरकानेही काम अडतं. दांड्यावरची किमान खोलीची खूण नळीत पूर्ण बुडायला हवी. एक मात्र आहे: पेडलही हँडलसोबत वळतं असं, पुढचं चाक फिरवणारं किट असेल तर पायांचा सगळा जोर त्या जोडावर येतो. तिथे अ‍ॅडॉप्टरच्या भानगडीत पडू नका. बिनआट्यांचा १ इंची फोर्क आणि त्याचा हेडसेट (फोर्क फिरतो ते बेअरिंग) घ्या, वर जाडी २८.६ मिमी करणारी शिम, म्हणजे पातळ नळी, चढवा.