व्हीलचेअरवरच्या भावाला पुण्याहून कोकणात नेऊन बोटीत बसवता येईल का?

तुम्ही विचारलंय की भाऊ अपघातानंतर व्हीलचेअरवर आहे, त्याला पुण्याहून एका दिवसात कोकणात नेऊन बोटीतून फिरवता येईल का, आणि बोट कुठली बघावी. येईल, पण एका दिवसात नाही. मी स्वतः ११ वर्षं खुर्चीवर आहे, कमरेखाली संवेदना नाही, आणि चार वेळा जाऊन आलोय. फक्त बोट सगळ्यात शेवटी बघा. आधी किनाऱ्यावर कोण थांबणार ते ठरवा.

पहिल्या खेपेला आम्ही नेमकं उलटं केलं. सगळेच हौशी, सगळेच बोटीत चढले आणि खुर्ची वाळूत ठेवून दिली. अमावस्या होऊन दोनच दिवस झाले होते. दुपारी बाराला निघालो तेव्हा पाणी पार वरपर्यंत आलेलं, मेहुण्याने आणि मित्राने मला अलगद उचलून आत ठेवलं. साडेचारला परतलो तर समुद्र कुठल्या कुठे गेलेला! बोट टेकली तिथून खुर्ची म्हणजे एक ठिपका, आणि मध्ये पाय रुतणारी ओली वाळू. शेवटी दोन कोळी मामांनी फळीवर बसवून माझी वरात काढली. त्याची लाज नाही वाटली, पण फळीवर वाळूने घासून मागे जखम झाली आणि ती भरेपर्यंत दीड महिना पालथा पडून होतो.

तेव्हापासून मी कॅलेंडर घेऊन बसतो. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. म्हणून मी दशमी किंवा एकादशी धरतो. सकाळी आठच्या सुमारास भरती आणि वाराही पडलेला. दुपारी खारा वारा सुटला की छोटी बोट आपटायला लागते. ज्याला कमरेत तोल सांभाळता येत नाही त्याची मग दमछाक होते. आयत्या वेळी स्थानिक तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला विचाराच, त्याचा शब्द हिशोबापेक्षा वरचा.

म्हणजे एका दिवसात जाऊन येणं विसरा. ताम्हिणीमार्गे माणगाव, म्हसळा करत आदल्या संध्याकाळी दिघीला पोचा आणि रात्र तिथेच काढा. पावसाळ्यात अर्थातच नाही.

पहिल्याच दिवशी छोट्या बोटीत बसवू नका. दिघी ते आगरदांडा जंगलजेटी आहे, गाड्या नेणारी. तिची फळी थेट उतारावर टेकते, खुर्ची ढकलत आत नेता येते, कुणी उचलायला नको. पाणी खाली असेल तर उतार ओला आणि शेवाळलेला असतो, तेव्हा खुर्ची उलटी, मागच्या चाकांवर उतरवा. राजपुरीच्या खाडीतून जाऊन यायचं, भावाला डोलणं मानवतंय का ते कळतं. जंजिऱ्याचा मोह मात्र आवरा. दरवाजाशी हलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकावं लागतं. धडधाकट माणसंही तिथे चाचरतात.

छोट्या बोटीत खुर्चीवर बसायचं नाही. तळाशी कुशन, पाठीला टेका. पट्ट्याने बोटीला बांधायचं तर मुळीच नाही, उलटली तर सुटका नाही. लाइफ जॅकेट आधी पुण्यात पोहण्याच्या तलावात घालून बघा, कारण लुळे पाय वर तरंगतात आणि माणूस पालथा होऊ शकतो. (घरचे 'यांना पाण्यात कशाला?' म्हणाले तर मुरलीकांत पेटकरांचं नाव सांगा. १९६५च्या युद्धात जखमी झालेला सैनिक, उपचार म्हणून पोहायला लागला आणि १९७२ला हायडलबर्गमध्ये सुवर्णपदक घेऊन आला.) तापलेल्या पत्र्यावर पाय भाजला तरी भावाला कळणार नाही, खाली ओलं फडकं घाला. मज्जारज्जूची इजा वर, मानेकडे असेल तर इजेखालच्या अंगाला नीट घाम येत नाही, अंग तापतं. पाण्याचा स्प्रे जवळ ठेवा. लघवीची पिशवी निघण्याआधी रिकामी करा.

आता किनाऱ्यावरची माणसं. किमान तीन, आणि ती बोटीत चढणार नाहीत हे घरूनच ठरवून निघा, नाहीतर ऐन वेळी एक जण 'मी पण' म्हणतोच. एक जण पाण्याच्या रेषेबरोबर खुर्ची सरकवत राहील. वाळूत चाकं रुतत असतील तर दणकट खुर्चीला दोन बांबू बांधून ठेवा, लेण्याद्रीच्या डोलीसारखे. पण उचलायला चौघे लागतात, बाकीचे दोघे बोटीतून उतरतील. दुसऱ्याकडे कोरडे कपडे आणि दुसरं कुशन. तिसऱ्याकडे तांडेलाचा नंबर, परतायची वेळ आणि बोटीवर नजर, दुसरं काही काम नको. त्याने फोनवर रील बघायची नाही.

या तिघांसाठी छत्री आणि खाणं वेगळं न्या. आम्ही एकदा सगळा डबा बोटीत घेऊन गेलो होतो. मेहुणा अजून ऐकवतो.