शिकागोहून कमी खर्चात, सरकारी वनात धनुष्याने शिकार: पहिल्या खेपेचे नियोजन कसे करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण आणि आपले एक मित्र शिकागोत एच-१बी व्हिसावर नोकरी करता, क्लबात वर्षभर कंपाउंड धनुष्याचा, म्हणजे टोकांना चाके असलेल्या आधुनिक धनुष्याचा, सराव झालेला आहे, आणि आता माणशी हजार डॉलरांत, वाटाड्या न घेता, कोलोरॅडोच्या सरकारी जंगलात एल्क या मोठ्या हरणाची शिकार करायची आहे, तिची आखणी कशी करावी, आणि व्हिसाची अडचण येईल का? मी दक्षिण इलिनॉयमध्ये विद्यार्थी असताना, म्हणजे खिशात खरोखरच काही नसताना, धनुष्याने हरणाची शिकार करू लागलो आणि तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी त्याच जंगलात जातो. त्या अनुभवावरून पहिलाच सल्ला आपल्याला न आवडणारा देतो: पहिल्या वर्षी कोलोरॅडोला जाऊ नका.

याचे कारण साधे अंकगणित आहे. कोलोरॅडोबाहेर राहणाऱ्याला एल्कचा परवाना सुमारे आठशे डॉलरला पडतो, म्हणजे आपले बजेट घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच संपते. शिवाय पूर्वी परराज्यातील धनुर्धाऱ्याला राज्याच्या पश्चिम भागासाठी तो परवाना थेट दुकानात मिळत असे. २०२५ पासून त्यासाठी सोडतीत अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. डेन्व्हरपर्यंत एका बाजूचे अंतर सोळाशे किलोमीटर आहे, पुढचे जंगल तीन हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर आहे, आणि समजा नशिबाने साथ दिलीच, तर दोनशे किलोंहून मोठे जनावर दोघांनी पाठीवर वाहून आणायचे आहे. कमी खर्चाच्या शिकारीत पैसा वाचतो तो परवान्यात आणि अंतरात. स्वस्त तंबू, स्वस्त बूट आणि स्वस्त जेवण यांतून जे वाचते ते त्या मानाने किरकोळ असते.

आपण इलिनॉयचे रहिवासी आहात, ही आपली खरी पुंजी आहे. रहिवाशाला शिकारीचा वार्षिक परवाना आणि त्यासोबतचा अधिवासनिधीचा स्टँप मिळून वीस डॉलरच्या आत येतो, आणि धनुष्याने व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण मारण्याचे जोड-परमिट साधारण सव्वीस डॉलरला, सोडतीशिवाय मिळते. त्यात एक टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी, नर किंवा मादी कोणासाठीही चालतो आणि दुसरा बिनशिंगाच्या हरणासाठी असतो. धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो, त्यामुळे एकच लांबलचक सुट्टी काढण्याऐवजी दोन-तीन शनिवार-रविवार वापरता येतात. जागेसाठी राज्याच्या दक्षिण टोकाला शॉनी नॅशनल फॉरेस्ट आहे: शिकागोहून साडेपाच-सहा तासांचा रस्ता, प्रवेशशुल्क नाही, आणि निषिद्ध नैसर्गिक क्षेत्रे सोडून बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत विनामूल्य तंबू टाकता येतो. दोघांत पेट्रोल वाटून घेतले तर एका खेपेचा प्रवासखर्च माणशी पन्नास-साठ डॉलरवर जाऊ नये.

व्हिसाविषयी. अमेरिकेच्या संघीय कायद्यात बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीवर जी बंधने आहेत ती बंदुकीसंबंधी आहेत. त्यातही शिकारीचा परवाना असणाऱ्यास अपवाद आहे, पण त्या वाटेला जाण्याची आपल्याला गरजच नाही, कारण धनुष्य हे त्या कायद्याच्या व्याख्येत अग्निशस्त्र नव्हे. इलिनॉयमध्ये बंदूकधारकाला लागणारे राज्याचे ओळखपत्रही धनुष्यासाठी लागत नाही. मात्र गाडीतून नेताना धनुष्य खोळीत असले पाहिजे किंवा त्याची दोरी उतरवलेली असली पाहिजे, आणि १ जानेवारी १९८० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी शिकार-सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. राज्याचे वर्ग विनामूल्य असतात, पण उन्हाळा संपता संपता ते भरून जातात. म्हणून नोंदणी जूनमध्येच करा.

शिकार कशाला, अशी घरी विचारणा होईल, तेव्हा एक गोष्ट सांगता येईल. भारताने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद करायला घेतले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने धनुष्यबाणांवरही तो अबकारी कर लावण्याचा कायदा केला जो बंदुकांवर १९३७ च्या कायद्यापासून वन्यजीवांसाठी राखून ठेवला जातो. आपण विकत घेतलेल्या धनुष्याच्या मूळ किमतीतले अकरा टक्के अशा रीतीने राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातात. दोन्ही देशांचे प्रश्न आणि उपाय वेगळे आहेत. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजण्यात अर्थ नाही. इलिनॉयमध्येही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरीण जवळजवळ संपले होते, ते बाहेरून आणून वाढवावे लागले, आणि १९५७ मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली.

आता जागेची निवड, कारण नवख्याची सर्वांत जास्त फसगत येथेच होते. शॉनी हे नकाशावर हिरवेगार एकसंध दिसत असले तरी ते ठिगळांचे वन आहे. १९३० च्या दशकातील मंदीत धूप होऊन निकामी झालेली शेते सरकारने विकत घेतली आणि १९३९ मध्ये त्यांचे राष्ट्रीय वन घोषित झाले. जी शेते विकली गेली नाहीत ती आजही मधोमध खासगी आहेत. इलिनॉयमध्ये झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर त्याचा अर्थ ‘प्रवेश बंद’ असाच होतो, पाटी असो वा नसो. म्हणून वनखात्याचा मोटारमार्गांचा मोफत नकाशा आणि जमिनीच्या मालकीच्या सीमा दाखवणारे एखादे मोबाईल ॲप, दोन्ही जवळ असू द्या, आणि ॲपवरचा नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा, कारण त्या टेकड्यांच्या घळींत मोबाईलला रेंज नसते. गार्डन ऑफ द गॉड्सचे खडक पाहायला ऑक्टोबरात गर्दी लोटते. तो परिसर सोडून, लस्क क्रीक किंवा बे क्रीकसारख्या वाहनबंदी असलेल्या रानात, रस्त्यापासून दीडएक किलोमीटर आत गेलात तर माणसे झपाट्याने विरळ होतात. पश्चिमेकडील लारू-पाइन हिल्सचा ‘स्नेक रोड’ही एकदा पाहून घ्या: १ सप्टेंबरपासून ३० ऑक्टोबरपर्यंत तो वाहनांसाठी बंद असतो, कारण पाणथळीतले साप त्या काळात हिवाळ्यासाठी कड्यांच्या कपारींत परततात. शिकारीच्या दृष्टीने त्याचा उपयोग एवढाच, की त्या जंगलात विषारी साप आहेत आणि ऑक्टोबरच्या उबदार दुपारी ते बाहेरही असतात, हे ध्यानात राहते.

पहिली खेप धनुष्य न घेता करा. माझा आग्रह आहे तो इथेच. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस नुसते चाला आणि व्हाइट ओक शोधा. ओकच्या पानाच्या कडेची पाळी गोलाकार असेल तर तो व्हाइट ओकच्या कुळातला, टोकदार असेल तर रेड ओकच्या. व्हाइट ओकच्या फळात तुरटपणा कमी असल्याने हरीण ते आधी खाते, आणि ज्या वर्षी ते भरपूर पडते त्या वर्षी हरणाला दूर जाण्याचे कारणच उरत नाही. झाडाखालचा पाचोळा उकरलेला, ताज्या लेंड्या, ओकच्या फळांच्या फुटक्या टोप्या, आणि तिथून दाट झुडपाकडे जाणारी पायवाट, असे जिथे एकत्र दिसेल तिथे खूण करा. अशा तीन-चार जागा हव्यात, कारण एका जागेला सगळेच वारे चालत नाहीत. जुन्या शेतांवर सरकारने लावलेली पाइनची झाडे आणि भोवतीचे ओक-हिकरीचे रान यांची जिथे शीव लागते ती कडही पाहण्यासारखी असते.

वाऱ्याबद्दल मी थोडे जास्त लिहितो, कारण हरीण आपल्याला पाहून एकदा फसेल, ऐकून दोनदा फसेल, पण वास आला की फसत नाही. टेकड्यांच्या मुलखात हवामानखात्याने सांगितलेली दिशा ही अर्धीच माहिती असते. सकाळी उन्हाने उतार तापू लागला की हवा वर चढते, संध्याकाळी गारवा आला की तीच हवा ओहोळासारखी घळीत उतरते. त्यामुळे सकाळी हरणाच्या वाटेच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळी खालच्या अंगाला बसावे, हा ढोबळ नियम. टाल्कम पावडरची छोटी पिचकारी बाटली खिशात ठेवा आणि दर थोड्या वेळाने एक फुंकर सोडून पाहा. वास मारण्याच्या महागड्या फवाऱ्यांपेक्षा तिच्यावर माझा जास्त विश्वास आहे.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले ते कंपाउंड धनुष्यातच, म्हणून आपल्याकडे तो प्रकार आता अनोळखी राहिलेला नाही. पण स्पर्धेचे धनुष्य लांब आणि अवजड असते, शिकारीला आखूड लागते. तीन-चारशे डॉलरांत वापरलेले चांगले धनुष्य मिळते, ते दुकानातून आपल्या हाताच्या मापाला बसवून घ्या. व्हाइटटेलसाठी दोरी ओढण्याचा पंचेचाळीस-पन्नास पौंडांचा ताण पुरेसा आहे, साठ ओढण्याचा हट्ट नको. पैसा घालायचाच तर धारदार, न उघडणाऱ्या पात्यांच्या ब्रॉडहेडवर, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या टोकावर, घाला आणि सराव त्याच पात्यांनी करा, कारण सरावाच्या टोकापेक्षा ती वेगळीकडे जाऊ शकतात. पहिल्या वर्षी मचाण नको: ती महाग असते, वाहायला जड असते, आणि मचाणीवरून पडणे हा या खेळातला सर्वांत मोठा अपघात आहे. आडव्या पडलेल्या ओंडक्यामागे, घडीच्या स्टुलावर, जमिनीवर बसा.

बाण सोडण्याची मर्यादा वीस यार्ड, म्हणजे अठरा मीटर, अशी ठरवा, आणि हरीण आडवे किंवा आपल्यापासून किंचित तिरके वळलेले असेल तरच सोडा, म्हणजे तो खांद्यामागून दोन्ही फुप्फुसांतून जातो. बाण धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. त्यामुळे वाट पाहणे हा कौशल्याचाच भाग आहे. फेसाळ, लालभडक रक्त असेल तर अर्धा तास थांबावे. काळपट रक्त यकृताचे असते, तेव्हा चार तास तरी. आणि बाणाला हिरवट ओल व दुर्गंध असेल तर आठ-दहा तास मागावर जाऊ नये. माझ्या दुसऱ्या हंगामात मी ठरवलेल्या अंतराच्या बाहेर, संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात बाण सोडला, रक्त काळे आहे हे बॅटरीच्या उजेडात दिसले नाही म्हणून वीस मिनिटांत उठलो, आणि आडवे झालेले हरीण मी स्वतःच उठवून पळवले. माग जांभळ्या पट्ट्यापर्यंत गेला. परवानगीशिवाय पलीकडे जाणे गुन्हा, म्हणून रात्री गाडीने फिरून मालकाचे घर शोधले; म्हातारे गृहस्थ सभ्य होते, सकाळी या म्हणाले. सकाळी जे सापडले त्यात कोयोटींनी, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या जनावरांनी, फारसे काही ठेवले नव्हते. त्या हंगामात मी पुन्हा धनुष्य उचलले नाही. म्हणून पट्ट्यापासून किमान दोन-तीनशे मीटर आत बसा, आणि शेजारच्या जमिनींचे मालक कोण आहेत याची चौकशी पहिल्याच खेपेत करून ठेवा.

तारखा: ऑक्टोबरचा तिसरा आठवडा ओकच्या फळांसाठी आणि नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे माजासाठी, कारण तेव्हा नर दिवसाही हिंडतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आसपास बंदुकीचे हंगाम येतात, ते दिवस पूर्णपणे टाळा. मका किंवा मीठ टाकून हरणाला बोलावणे इलिनॉयमध्ये बेकायदा आहे, दुकानात त्याच्या पिशव्या उघड विकायला असल्या तरीही.

हरीण पडल्यावर घाई असते ती आता. टॅग लगेच लावायचा, त्याच रात्री दहाच्या आत राज्याकडे नोंद करायची, आणि ऑक्टोबरात दुपारचे तापमान वीस अंशांच्या वर जात असल्याने आतडी तिथल्या तिथे काढून मांस सावलीत गार करायचे. दोन मोठे कूलर आणि चार पिशव्या बर्फ गाडीत आधीच असू द्या. खाटकाकडे दिले तर शंभर डॉलर किंवा अधिक जातात, घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोघांत तेच काम एका दुपारी होते. एका मादीचे हाडाविना अठरा-वीस किलो मांस निघते. उत्तर इलिनॉयमध्ये २००२ पासून हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग आढळतो. माणसाला तो झाल्याचे उदाहरण नाही, तरी बाधित जनावर खाऊ नये असा वैद्यकीय सल्ला आहे, तेव्हा जिथे शिकार कराल त्या काउंटीत तपासणीची सोय कुठे आहे ते आधी पाहा. हे मांस विकता येत नाही, देता येते. त्यात चरबी नसते, म्हणून मांसावरचा पांढरा पापुद्रा सोलून काढा, रात्रभर दह्यात ठेवा, आणि बोकडाच्या मटणाला देता त्यापेक्षा एक पळी तेल जास्त घालून सुके करा. खिमा करायचा असेल तर मात्र कुकरला एकच शिट्टी, नाही तर त्याचा भुसा होतो.