एफटीसी रोबोटचं प्रोग्रॅमिंग नववीतल्या मुलीने ब्लॉक्समध्ये शिकावं की जावामध्ये?

तुमची मुलगी एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) या रोबोट स्पर्धेसाठी शाळेच्या टीमची प्रोग्रॅमर झाली आहे आणि ब्लॉक्स (ठोकळे जोडून कोड) की जावा (टाइप करून कोड) हे तुम्ही विचारताय. पण शेवटच्या ओळीत तुम्ही ऑटोनॉमसबद्दल, म्हणजे रोबोट कोणी न चालवता फक्त कोडवर चालतो त्या सुरुवातीच्या भागाबद्दल, हळूच जोडलंय, "ऑटोनॉमस सर लिहून देतो म्हणतात, चालेल का?" नाही चालणार. त्यासाठीच लिहायला बसले.

मी पुण्यातल्या एका शाळेच्या टीमची प्रोग्रॅमर होते. मेंटॉर सर स्वतः सॉफ्टवेअरमधले. कोड त्यांच्या लॅपटॉपवर लिहिला जायचा, पेन ड्राइव्हवर आमच्याकडे यायचा, आम्ही फक्त कंट्रोल हबवर (रोबोटवरच्या कॉम्प्युटरवर) चढवायचो. ऑटोनॉमसचे ३० सेकंद त्यांनी निव्वळ वेळेवर बांधले होते: इतकी पॉवर, इतके मिलिसेकंद पुढे, मग वळण. लॅबमध्ये भरलेल्या बॅटरीवर झकास चालायचं. बॅटरी उतरली की त्याच पॉवरला रोबोट हळू जाणार, एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) वापरूया, हे मी आधीच सांगितलं होतं. उत्तर आलं, "चालतंय ना? मग हात लावू नकोस."

स्पर्धेत सामने लागोपाठ. बॅटरी पुरती चार्ज व्हायला सवडच नाही. रोबोट अर्धी टाइल अलीकडे थांबायचा, तिथूनच वळायचा आणि भिंतीला घासत जायचा. सर फोनवर बोलायला हॉलबाहेर गेले होते. मी पिटमध्ये (टीमच्या दुरुस्तीच्या जागेत) फरशीवर बसकण मारली आणि वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. गोबिल्डा कंपनीची ३१२ आरपीएमची मोटर, एका फेऱ्याला एन्कोडरचे ५३७.७ टिक्स (मोजणीचे ठोके). चाक ९६ मिमीचं, म्हणजे परीघ जेमतेम ३०२ मिमी. फील्डची टाइल २४ इंची, म्हणजे ६१० मिमी. टाइलमागे साधारण १,०८७ टिक्स. सरळ जाण्याच्या सगळ्या ओळी काढून तिथे रन टू पोझिशन (ठरलेल्या टिक्सपर्यंत जाऊन थांब, असा आदेश) घातलं. पुढच्या सामन्यात रोबोट थांबायला हवा तिथेच थांबला. वळणं अजून वेळेवरच होती, त्यामुळे शेवटी तिरका गेला. पण परीक्षकांनी कोडबद्दल विचारलं तेव्हा मी टिक्सचा हिशोब पहिल्यापासून सांगू शकले, कारण तो माझा होता.

सर मात्र चिडले. "मला विचारायला हवं होतंस." वेळ कमी असतो, मोठ्यांनी लिहिलं तर टीम पुढे जाते, असं त्यांचं म्हणणं. आजही भेटले की याच मुद्द्यावर आमचं वाजतं. मी तेच सांगते: परीक्षक प्रश्न विचारतात मुलांना. रोबोट चालवतात मुलं. दोन सामन्यांच्या मध्ये काही बिघडलं तर लॅपटॉप उघडायचा मुलांनीच. दुसऱ्याने लिहिलेला कोड त्या घाईत कोणाला कळणार?

ब्लॉक्सचं म्हणाल तर पहिल्या रोबोटला पुरे होतं. ब्राउझरमध्ये चालतं आणि शेजारीच त्याचा जावा दिसतो, तो ती वाचत गेली की ऑनबॉट जावावर (ब्राउझरमध्येच टाइप करायच्या जावावर) जाणं जड जात नाही. अँड्रॉइड स्टुडिओ (कॉम्प्युटरवरचं मोठं कोडिंग सॉफ्टवेअर) नंतर, गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) आणि रोबोटचा मार्ग आखणाऱ्या रोड रनरसारख्या लायब्ररी लागतील तेव्हा. मेकॅनिकलवाल्यांकडून नुसती चाकं लावलेली चॅसी (रोबोटचा सांगाडा) लवकर मागून घ्या, नाहीतर रोबोट तिच्या हातात स्पर्धेच्या आदल्या रात्री पडेल.

एन्कोडरने सगळं सुटतं असं मात्र नाही. मेकॅनम चाकं (तिरप्या रोलरमुळे बाजूलाही जाणारी) आडवी जाताना घसरतात, तिथे मोटरचे टिक्स फसवतात. वळणासाठी आयएमयू (रोबोट किती वळला ते सांगणारा सेन्सर) वापरायला सांगा, आणि बजेट असेल तर पॉवर नसलेल्या चाकांचे, अंतर मोजणारे ओडोमेट्री पॉड घ्या. सरांची गरज नाही असंही मी म्हणत नाही. त्यांनी शेजारी बसावं, "ही ओळ का?" म्हणून विचारावं, चूक दिसली तर दाखवावी. कीबोर्ड तेवढा तिच्याकडेच राहू द्या, आणि हे त्यांना सीझन सुरू व्हायच्या आधीच तुम्ही स्पष्ट सांगा. मुलीला ते सांगणं अवघड जातं.