‘स्ट्रीमलाइन्ड’ला ‘निमुळता’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: १९३०च्या दशकातल्या मोटारी, आगगाड्या, फ्रिज यांच्या वर्णनात ‘स्ट्रीमलाइन्ड’ हा शब्द सतत येतो. मराठीत ‘निमुळता’ चालेल का?

माशाच्या वर्णनात ‘दोन्ही टोकांना निमुळते’ चालून जाते. मोटारीसाठी मात्र ‘प्रवाहरेखित’च (हवेच्या प्रवाहाला धरून घडवलेला) घ्यावा. नुसते ‘निमुळता’ म्हटले की बाणासारखे पुढचे टोक डोळ्यांपुढे येते आणि खरी गंमत तर मागे असते. अंगालगत वाहणारी हवा मागे एकदम सुटली की तिथे भोवरे उठतात, दाब उतरतो आणि वस्तू मागे खेचली जाते. शेपूट हळूहळू निमुळते होत गेले तर हवा अंग सोडत नाही. म्हणून मोटारीच्या वेगाला पुढे भरीव गोलाई आणि मागे लांब शेपूट हा आकार सरस ठरतो. गोळ्याचा अवरोध गुणांक (आकार हवेला किती अडवतो ते सांगणारा आकडा) साधारण ०.४७, तर अशा आकाराचा ०.०४च्या आसपास, म्हणजे समोरून दिसणारे क्षेत्रफळ तेवढेच असले तरी ओढ दहाव्या हिश्श्याहून कमी.

स्थिर प्रवाहात हवेचा कण ज्या वाटेने जातो ती प्रवाहरेखा, आणि तिला धरून घडवलेले ते प्रवाहरेखित. घडण ‘अधोरेखित’सारखीच, त्यामुळे ‘प्रवाहरेषित’ लिहू नये.

मोटारींच्या इतिहासातही पुढच्या टोकाचा हा समज आडवा आला. झेपेलिन हवाई जहाजांवर काम केलेल्या पॉल यारायने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तेच गणित मोटारीला लावले. एडमुंड रुम्प्लरची थेंबाच्या आकाराची गाडी १९२१ साली बर्लिनला मांडली गेली. १९७९ साली विंड टनेलमध्ये (हवेचा झोत सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) तिचा गुणांक ०.२८च्या आसपास भरला. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीचा अभियंता कार्ल ब्रीअर याला चाचण्यांत आढळले, की त्या काळच्या पेटीसारख्या गाड्या उलट्या चालवल्या तर हवा कमी अडवतात! त्यातून १९३४ची एअरफ्लो गाडी आली, पण ग्राहकांना तिचा चेहरा रुचला नाही आणि १९३७ साली ती बंद झाली. १९३४च्याच टाट्रा ७७ या चेक गाडीत हवेने थंड होणारे आठ सिलिंडरांचे इंजिन मागे, उतरत्या पाठीखाली बसवले होते. एरवी लांब शेपूट म्हणजे वाया जाणारी जागा. त्यावर वुनिबाल्ट काम या जर्मन अभियंत्याने तोड काढली: उतार काही अंतर राखायचा आणि पुढे शेपूट सरळ कापून टाकायचे. फायद्याचा मोठा भाग तरीही हाती राहतो.

वाफेच्या इंजिनांना पत्र्याचा अंगरखा घालणे महागात पडे, कारण दुरुस्तीला आत हात पोचत नसे. १९३८ साली ताशी १२६ मैल गाठणारे ‘मॅलार्ड’ ज्या ब्रिटिश ए४ वर्गातले, त्याच्या चाकांवरचे पत्रे महायुद्धात याच कारणाने काढून टाकले. भारतात १९४७ साली आलेल्या डब्ल्यूपी इंजिनाचे चांदणी लावलेले गोळीसारखे नाक देखणे होते, पण त्याच्या वेगाला तो बराचसा शोभेचाच भाग होता.

घरातल्या वस्तूंसाठी शब्द जपून वापरावा. रेमंड लोवी या डिझायनरने १९३३ साली थेंबाच्या आकाराचे पेन्सिल शार्पनर घडवले. टेबलाला बसवलेल्या वस्तूला हवेचा अवरोध कुठला? तिथे ‘प्रवाहरेखी शैली’ म्हणावे, म्हणजे रूप घेतले, काम नाही, हे कळते. फ्रिजच्या गोल कोपऱ्यांना मात्र कारखान्यातले कारण आहे: पत्रा साच्यात दाबताना तीक्ष्ण कोपऱ्यात फाटतो, आणि तिथला मुलामाही लवकर टवका उडून जातो. त्याला सरळ ‘गोलाईदार’ म्हणावे.

कार्यालयातले ‘प्रोसेस स्ट्रीमलाइन करणे’ हा वेगळा अर्थ आहे. तिथे ‘कामाची पद्धत सुटसुटीत करणे’ पुरते, प्रवाहरेखा नको.