फ्लोअर रिकामा झाला म्हणजे गाणं पडलं का?

प्रश्न : ताई, मी आणि माझ्या मैत्रिणीनं मिळून पहिलं हाऊस (क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) सिंगल केलं. टेम्पो मिनिटाला १२४ ठोके, मराठी ओळी तिच्याच आवाजात, लांबी दोन मिनिटं चाळीस सेकंद. मुंढव्यातल्या एका क्लबमध्ये ओळखीच्या डीजेनं शनिवारी अकराच्या सुमारास हिंदी गाण्यांच्या मधोमध ते लावलं आणि निम्मा फ्लोअर बारकडे गेला. हेडफोनवर दणदणीत वाटणारा बेस तिथे ऐकूच आला नाही. मित्र म्हणतात, मराठीमुळे असं झालं. शब्द काढून टाकू का? सोबत फाइल पाठवतोय.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : शब्दांना हात लावू नका. फाइल मी मोठ्या स्पीकरवर ऐकली. दुसऱ्या कडव्यात ती आवाज खाली नेते ती जागा मला फार आवडली. अडचण भाषेची नाही, बांधणीची आहे.

तुमचं गाणं पाचव्या सेकंदालाच गायला लागतं. मोबाइलवर ऐकणाऱ्याला ते चालतं. डीजेला मात्र आधीचं गाणं उतरवत तुमचं चढवायला नुसती किक (ड्रमचा जाड ठोका) आणि हाय-हॅट (झांजेसारखा बारीक ठोका) लागते, निदान ३२ बार. बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन. १२४ ला ते साधारण एक मिनिट होतं. ते नसलं की दोन गाण्यांतले आवाज एकमेकांवर चढतात, नाहीतर आधीचं गाणं तोडावं लागतं आणि नाचणाऱ्याचा पाय तिथेच थांबतो. लक्ष्मी रोडवर आधी ताशा बोलतो, मग ढोल पडतात. तेवढ्यात गर्दी तयार होते. ही उसंत तुमच्या गाण्यात नाही. पाच-साडेपाच मिनिटांचा एक्स्टेंडेड मिक्स, म्हणजे डीजेसाठी लांबवलेली आवृत्ती, करा, शेवटीही तितकीच मोकळी किक ठेवा.

बेसवर तुम्ही स्टिरिओ वाइडनर, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे पसरवणारा इफेक्ट, लावलाय. हेडफोनमध्ये डावं-उजवं वेगळं पोचतं, म्हणून तो भरीव वाटतो. क्लबचे सब (खालच्या बेसचे स्पीकर) बहुतेक ठिकाणी मोनो चालतात, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून वाजवतात. तिथे उलट फेजमधल्या (एक वर जाते तेव्हा दुसरी खाली जाते अशा) लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करा.

आता रिकाम्या फ्लोअरबद्दल. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटानं रोलँडच्या टीबी-३०३ या पेटीची बटणं फिरवत दहा मिनिटांहून लांब ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केलं. गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं ते यंत्र बाजारात पडलं होतं, सेकंडहँड स्वस्तात मिळायचं. टेप त्यांनी ‘म्युझिक बॉक्स’ क्लबच्या रॉन हार्डी या डीजेला दिली. त्यानं लावली तर फ्लोअर रिकामा झाला. त्यानं त्याच रात्री ती पुन्हा लावली, मग आणखी, आणि चौथ्या वेळी लोक वेडे झाले, असं त्या मुलांनीच पुढे सांगितलंय. १९८७ मध्ये रेकॉर्ड निघाली आणि अ‍ॅसिड हाऊस हे हाऊसच्या या प्रकाराचं नाव जगभर गेलं.

हेच ३०३ हिंदी सिनेमांच्या गाण्यांत वाजवणाऱ्या आपल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रागांच्या डिस्को रेकॉर्डवर वाजवलं होतं. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा हाऊसवाले चाट पडले. मला त्याचा अभिमान वाटतो आणि हळहळही वाटते, कारण त्यांना त्या वेळी कुणी हार्डी भेटला नाही.

म्हणून एका शनिवारवरून निकाल लावू नका. कोरेगाव पार्क, बाणेर भागात आठवड्यातल्या मधल्या वारी निव्वळ हाऊस वाजवणारा डीजे शोधा. त्याला एक्स्टेंडेड मिक्स आणि बिनशब्दांचा डब, दोन्ही द्या. वॉर्म-अपमध्ये (गर्दी जमायच्या आधी) डब आणि गर्दी भरल्यावर शब्दांचं, असं एकाच रात्री वाजवायला सांगा. दुसऱ्या वेळी बेसची ओळ लोकांच्या कानावरून गेलेली असेल. तुम्ही डीजेशेजारी उभे राहू नका, फ्लोअरच्या कडेला थांबा आणि पाय कुठल्या बारला थांबतात ते बघा. तिथेच काटछाट करायची.

नवी फाइल झाली की मलाही पाठवा. वाव (न दाबलेली, पूर्ण दर्जाची फाइल) पाठवा, एमपीथ्री नको.