पन्नाशीनंतर टेकडीवर येताय ना?

पहिल्याच रविवारी सिंहगडाला निघू नका. चढताना दम लागतो ते ठीक, पण गुडघे बोलायला लागतात ते उतरताना. शिवाय वर पिठलं-भाकरी, कांदाभजी अन् मडक्यातलं दही हाणलं की चढून जाळलेलं सगळं तिथंच भरून निघतं! महिनाभर पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या सपाटीवर चाला; बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगात. मग पर्वतीच्या 103 पायऱ्या. बीपी, शुगर असेल किंवा छातीत कधी दुखलं असेल, तर आधी डॉक्टर गाठा.

नुसतं चालून भागत नाही. या वयात स्नायू झिजतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम हवाच. जिम नको वाटत असेल तर घरीच करा: हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीवर हात टेकवून जोर. स्नायूंना प्रथिनंही लागतात, म्हणून नाश्त्याच्या पोह्यांत मोड आलेली मटकी घाला, रात्री एक पोळी कमी करून वाटीभर घट्ट वरण वाढवा. वजनकाट्यावर रोज चढण्यापेक्षा कंबर मोजा. पुरुषांची 90, बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

आणि खाली उतरल्यावर ग्रुप अमृततुल्यकडे वळेलच. चहा घ्या, क्रीमरोल नको.